दोन खोल्यांचा हिशेब: गोव्याच्या समुद्रात पाण्याखालचा पार्श्वध्वनी कसा मोजावा

जानेवारीतल्या एका सकाळी ग्रांदे बेटाच्या खडकांपासून थोड्या अंतरावर होडीचे यंत्र बंद करून आम्ही हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली चालणारा मायक्रोफोन, दोन मीटरवर सोडला. हेडफोनमध्ये होडीच्या बुडाला लागणाऱ्या लाटांची थपथप तेवढी ऐकू येत होती आणि तिच्यामागे फार बारीक अशी तडतड होती. तोच हायड्रोफोन दहा मीटरवर गेला तेव्हा थपथप मागे पडली आणि तडतड इतकी वाढली की कढईत मोहरी टाकावी आणि ती थांबूच नये, तसे वाटले. माझ्या विद्यार्थ्यांनी लगेच वहीत लिहिले, "खोल गेले की आवाज वाढतो." त्यानंतर दोन आठवड्यांनी बेटापासून दूर, चिखलाच्या तळावर, तितक्याच खोलीवर मोजणी केली तेव्हा ती तडतड जवळजवळ नव्हती आणि मुलांना आपले वाक्य खोडावे लागले.

पाण्याखालचा पार्श्वध्वनी खोलीप्रमाणे कसा बदलतो, या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, याचे पहिले कारण असे की "खोली" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. हायड्रोफोन पृष्ठभागापासून किती खाली आहे ही एक खोली, आणि त्या जागी समुद्र तळापर्यंत किती खोल आहे ही दुसरी. पाच मीटरवर टांगलेला हायड्रोफोन मिरामारसमोरच्या उथळ पाण्यात जे ऐकेल, ते तो भरसमुद्रात शंभर मीटर पाण्यावर ऐकणार नाही. दुसरे कारण वारंवारतेचे आहे. १०० हर्ट्झचा घरघराट, १ किलोहर्ट्झचा वाऱ्याचा आवाज आणि १० किलोहर्ट्झची तडतड हे तिन्ही आवाज खोलीला तीन वेगवेगळ्या प्रकारे प्रतिसाद देतात. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी तीन आकडे सोबत ठेवूनच चालते: यंत्राची खोली, पाण्याची खोली आणि वारंवारता. यातला एक जरी नोंदवायचा राहिला, तरी उरलेल्या दोघांचा फारसा उपयोग होत नाही.

निघण्यापूर्वी: आवाज कोणाचे असतात

गॉर्डन वेंझ यांनी १९६२ साली समुद्रातील पार्श्वध्वनीचे जे एकत्रित आलेख प्रसिद्ध केले, ते आजही या कामाचा पाया आहेत, आणि त्याआधी १९४८ साली नुडसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वारा व समुद्राच्या खळबळीनुसार आलेख मांडले होते. त्यांचा सारांश असा: साधारण २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात दूरवरच्या जहाजांचा आवाज प्रबळ असतो, काहीशे हर्ट्झपासून काही दहा किलोहर्ट्झपर्यंत वाऱ्याने फुटणाऱ्या लाटा आणि त्यांतले बुडबुडे बोलतात, आणि त्याच्याही वर, ५० ते १०० किलोहर्ट्झच्या पलीकडे, पाण्याच्या रेणूंच्या उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालींचाच आवाज उरतो, जो वारंवारता दुप्पट झाली की ६ डेसिबलने वाढतो. रिमझिम पावसाचे लहान थेंब पाण्यात जो बुडबुडा सोडतात त्याचा आवाज १५ किलोहर्ट्झच्या आसपास ठळकपणे उठतो, त्यामुळे पावसाळ्यातली नोंद डोळ्यांनीही ओळखता येते.

वेंझ यांचा एक सोपा ठोकताळा प्रत्येकाने पाठ करावा, कारण होडीवर बसल्याबसल्या आपली मोजणी शुद्धीवर आहे की नाही हे तो सांगतो. वारा ५ नॉट असताना खोल समुद्रात १ किलोहर्ट्झला पातळी सुमारे ५१ डेसिबल असते, उथळ पाण्यात ती ५ डेसिबल जास्त धरावी, वारा दुप्पट झाला की ५ डेसिबल वाढवावेत, आणि ५०० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात वारंवारता दुप्पट झाली की ५ डेसिबल कमी करावेत. म्हणजे दुपारच्या १० नॉटच्या खाऱ्या वाऱ्यात गोव्याच्या किनाऱ्याजवळ १ किलोहर्ट्झला ६१ डेसिबलच्या आसपास आकडा यायला हवा. तो ८० आला, तर समुद्राला दोष देण्याआधी आपली होडी तपासावी.

हे डेसिबल १ मायक्रोपास्कल दाबाच्या आधाराने आणि १ हर्ट्झ रुंदीच्या पट्टीसाठी आहेत. हवेतले डेसिबल २० मायक्रोपास्कलच्या आधाराने मोजतात. त्या फरकाचे २६ आणि पाणी व हवा यांच्या ध्वनिरोधातील फरकाचे सुमारे ३६, असे मिळून समान तीव्रतेच्या आवाजाला पाण्यात सुमारे ६२ डेसिबल जास्त आकडा मिळतो. पाण्यातला १२० डेसिबलचा आकडा वाचून "विमानाएवढा आवाज" असे जे लिहिले जाते, ते या कारणाने चुकीचे असते, आणि वर्तमानपत्रांतही ते वारंवार दिसते याचे मला वाईट वाटते.

सजीवांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. खडकाळ तळावर राहणारी चुटकी वाजवणारी कोळंबी आपला मोठा नांगा इतक्या वेगाने मिटते की पाण्याच्या झोतामागे दाब कमी होऊन एक पोकळ बुडबुडा तयार होतो. आवाज येतो तो नांग्याच्या आपटण्यातून नव्हे, त्या बुडबुड्याच्या कोसळण्यातून, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले. दोन-चार सेंटिमीटरच्या या जीवाचा आवाज २ किलोहर्ट्झपासून शंभर किलोहर्ट्झच्याही पुढे पसरतो. आमच्या मोहरीची तडतड ती हीच. ढोमा, घोळ या कुळातले मासे पोटातल्या वायुपिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून आवाज काढतात. घोळीची जी पिशवी, म्हणजे बोत, बाजारात सोन्याच्या भावाने जाते, ती तिच्या आयुष्यात ढोलाचे काम करीत असते. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ग्रांदे बेटाजवळ हायड्रोफोन ठेवून माशांचे असे सामूहिक आवाज नोंदवलेले आहेत. त्यांचा जोर सहसा सूर्यास्तानंतर चढतो, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची नोंद एका रकान्यात घालू नये.

साहित्य

हायड्रोफोन घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याची संवेदनक्षमता प्रमाणपत्रासह मिळाली पाहिजे, त्याची पल्ला-मर्यादा निदान २० हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ असावी, आणि त्याचा स्वतःचा विद्युत गोंगाट शांत समुद्रापेक्षा कमी असावा. तिसरी गोष्ट लोक विसरतात. स्वस्त हायड्रोफोन बंदरात उत्तम चालतो आणि शांत पाण्यात स्वतःचाच सुसकारा ऐकवतो. मग आपण समजतो की खोलीप्रमाणे आवाज बदलतच नाही.

ध्वनिमुद्रक २४ बिटचा, सेकंदाला ९६,००० नमुने घेणारा असावा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा हाती येतो. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करावी, नोंद असंकुचित वेव्ह स्वरूपातच ठेवावी, आणि निवडलेली पातळी कागदावर लिहून त्या बटणावर चिकटपट्टी लावावी. चिकटपट्टी ही गंमत नाही. हलत्या होडीत अंगठ्याचा धक्का लागून फिरलेल्या बटणाने दिवसभराची मोजणी वाया जाते.

याशिवाय पाण्याखालची खोली दाबावरून सांगणारा मापक (पाणबुड्यांचे मनगटी यंत्रही चालते), वाऱ्याचा वेग मोजणारे हातातले यंत्र, जीपीएस, दोरीला बांधून सोडता येणारा तापमापक, शिशाचे वजन, छोटे बोये आणि आठ-दहा मीटर जाड रबरी दोर एवढे घ्यावे. दोरीच्या लांबीवरून खोली धरू नये. प्रवाहाने दोरी उभ्यापासून ३० अंश कलली, तर २० मीटर दोरी सोडूनही हायड्रोफोन १७ मीटरवरच असतो.

परवानगीचा विषय थोडक्यात सांगतो: मुरगाव बंदराच्या हद्दीत आणि जहाजांच्या वाटेत लेखी परवानगीशिवाय काहीही पाण्यात सोडू नये, आणि अन्यत्रही कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालय व किनारी पोलीस यांना आधी कळवावे. पाण्यात सोडलेली काळी वायर आणि कानाला हेडफोन लावलेली माणसे पाहून कोणीही विचारणा करणारच.

पहिली खरी पायरी: स्वतःला गप्प करणे

या कामातला निम्मा वेळ इथे जातो आणि तो गेलाच पाहिजे. पहिल्या वर्षी झुवारीच्या मुखाजवळ आमच्या नोंदीत १२ हर्ट्झच्या आसपास एक स्थिर गुणगुण सापडली. मी ती दूरच्या मालवाहू जहाजाची मानून तिच्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. ओहोटी संपून पाणी स्थिरावले आणि गुणगुण बंद पडली तेव्हा लक्षात आले की आमचीच दोरी गात होती. पाणी दोरीला ओलांडून जाते तेव्हा तिच्या मागे एकाआड एक भोवरे सुटतात, आणि त्यांची वारंवारता प्रवाहाच्या वेगाला दोरीच्या जाडीने भागून ०.२ ने गुणली की मिळते. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर आणि दोरी ८ मिलिमीटरची असेल, तर उत्तर येते १२.५ हर्ट्झ. हे गणित मी तेव्हा करून पाहिले असते तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. उपाय दोन आहेत. एक म्हणजे दोरीवर हातभर अंतराने सुतळीचे झुपके बांधावेत, ज्यामुळे भोवरे एका तालात सुटत नाहीत. दुसरा, आणि अधिक चांगला, म्हणजे नांगर न टाकता होडीसह पाण्याबरोबर वाहावे, जेणेकरून पाणी आणि हायड्रोफोन यांच्यात सापेक्ष वेगच उरत नाही.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे लाटेबरोबर होणारी वर-खाली. पाण्यात १ मीटर खाली गेले की दाब सुमारे १०,००० पास्कलने वाढतो, आणि मायक्रोपास्कलच्या भाषेत तो फरक २०० डेसिबलचा होतो. आपण साठ-सत्तर डेसिबलची कुजबुज ऐकायला निघालो आहोत आणि होडी डोलल्यामुळे हायड्रोफोनवर २०० डेसिबलचा दाब चढतो-उतरतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे. हा फरक हर्ट्झच्या काही दशांश इतक्या संथ गतीने होत असल्याने कानाला ऐकू येत नाही, पण प्रवर्धक, म्हणजे हायड्रोफोनचा विद्युत संकेत वाढवणारा भाग, त्याने तुंबतो आणि वरचे खरे आवाज चिरडले जातात. म्हणून हायड्रोफोन होडीला थेट बांधू नये. होडीपासून तीस-चाळीस मीटर वायर सैल सोडावी, तिला छोट्या बोयांची माळ घालावी, शेवटच्या बोयापासून खाली रबरी दोर घ्यावा, त्याखाली एक आडवी फळी किंवा कापडी छत्री अशी बांधावी की तिला पाण्यातून चटकन वर-खाली होता येणार नाही, आणि तिच्याखाली हायड्रोफोन व त्याखाली शिसे टांगावे. लाट बोये उचलते, रबर ताणला जातो, आणि फळीखालचा हायड्रोफोन जवळजवळ जागेवर राहतो. प्रवर्धकात १० ते २० हर्ट्झच्या खालचे कापणारी गाळणी असेल तर ती जरूर लावावी आणि लावली असे लिहून ठेवावे.

होडीवर तर प्रत्येक वस्तू बोलते. एकदा मी सगळे शांत झाले असे समजून नोंद सुरू केली तेव्हा आमचे तांडेलमामा म्हणाले, "मास्तर, यंत्र थांबलं म्हणून होडी गप्प झाली नाही, खालचा पंप चालूच आहे." बुडातले पाणी उपसणारा तो लहानसा पंप आमच्या कानांना ऐकू येत नव्हता, पण फायबरच्या बुडातून तो पाण्यात स्पष्ट उतरत होता. तेव्हापासून आम्ही पंप, पंखा, खोली दाखवणारे सोनार, सैल साखळी, लोळणाऱ्या बाटल्या यांची यादी मोठ्याने वाचतो आणि एकेक बंद करतो. सोनार विशेष लक्षात ठेवावे, कारण मच्छीमार होड्यांवरचे सोनार ५० आणि २०० किलोहर्ट्झवर टिकटिकते आणि त्याचे अवशेष खालच्या पट्ट्यातही उमटतात.

जागा आणि वेळ

गोव्यात या कामासाठी नोव्हेंबर अखेर ते मार्च या काळातील सकाळी ७ ते १० ही वेळ सर्वांत चांगली, कारण रात्रीचा भूमीय वारा तेव्हा विरत असतो आणि दुपारचा खारा वारा अजून सुरू झालेला नसतो. नदीच्या मुखाजवळ काम असेल तर भरती किंवा ओहोटी संपून पाणी थांबते तो अर्धा तास साधावा, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस घ्यावेत. मालिम, वास्को, कुटबण येथील ट्रॉलर पहाटे निघतात आणि परततात त्या वेळा जेटीवर जाऊन विचाराव्यात. पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या साधारण आठनंतर वाढतात, तेव्हा शिकेरीसमोरची मोजणी त्याआधी उरकावी. आणि डॉल्फिन आपल्याजवळ आले तर होडी हलवू नये, त्यांच्यामागे तर मुळीच जाऊ नये.

एकाच तळाची एक जागा घेऊन थांबू नये. माझ्या मते किमान तीन जागा हव्यात: एक खडकाळ, १० ते १५ मीटर पाण्याची, दुसरी तितक्याच पाण्याची पण चिखलाच्या तळाची, आणि तिसरी किनाऱ्यापासून दूर, ३० ते ५० मीटर पाण्याची. पहिल्या दोन जागांतील फरक तळाचा परिणाम सांगतो, दुसऱ्या-तिसऱ्यातील फरक पाण्याच्या खोलीचा. गोव्यासमोरच्या समुद्रबूड जमिनीचा आतला भाग बहुतांशी चिखलाचा आणि बाहेरचा वाळूचा आहे, ही गोष्ट पुढे कामाला येईल.

मोजणी

जवळ दोन हायड्रोफोन असतील तर खोलीचा परिणाम मोजण्याची पद्धत फार स्वच्छ होते. सुरुवातीला दोन्ही एकत्र बांधून पाच मीटरवर पाच मिनिटे ठेवावेत आणि त्यांच्या आकड्यांतील फरक लिहून घ्यावा. मग एक तिथेच ठेवून दुसरा दोन, पाच, दहा मीटर आणि तळापासून दोन मीटर वर अशा खोल्यांना न्यावा, प्रत्येक ठिकाणी निदान दहा मिनिटे. वारा वाढला किंवा लांबून ट्रॉलर गेला, तर तो दोघांनाही ऐकू येतो आणि वजाबाकीत निघून जातो. उरतो तो खोलीचा फरक. एकच हायड्रोफोन असेल तर वरून खाली जावे आणि त्याच खोल्यांवरून परत वर यावे. जाताना आणि येताना एकाच खोलीवर मिळालेल्या आकड्यांत जितका फरक असेल, त्यापेक्षा दोन खोल्यांमधला फरक मोठा नसेल, तर त्या दिवशी खोलीचा परिणाम सिद्ध झाला नाही असेच वहीत लिहावे. हे लिहायला मन धजत नाही, पण लिहिलेच पाहिजे.

प्रत्येक नोंदीच्या आरंभी वेळ, जीपीएसवरची जागा, दोन्ही खोल्या, वारा, दिसणाऱ्या होड्या आणि त्यांचे अंदाजे अंतर हे मोठ्याने बोलून मुद्रित करावे व शेवटी जागा पुन्हा सांगावी, कारण वाहती होडी दहा मिनिटांत खडकावरून वाळूवर गेलेली असू शकते. त्यानंतर तापमापक पाच-पाच मीटरने खाली सोडून तापमान घ्यावे. आपल्याकडच्या कोमट पाण्यात १ अंश सेल्सिअसच्या फरकाने ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन मीटरने बदलतो, आणि ध्वनी नेहमी कमी वेगाच्या थराकडे वळतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापलेले असले की आवाज खाली, तळाकडे वाकतो. पावसाळ्यात नदीमुखाजवळ वर गोड्या पाण्याचा थर पसरला की उलट घडते: क्षारता हजारी ३५ वरून १० वर आली तर वेग सेकंदाला पंचवीसेक मीटरने उतरतो आणि आवाज त्या वरच्या थरातच अडकून राहू पाहतो.

आकडा काढणे

एक उदाहरण हातावेगळे करू. समजा, हायड्रोफोनची संवेदनक्षमता १ व्होल्ट प्रति मायक्रोपास्कलच्या आधाराने उणे १७० डेसिबल आहे आणि १२५ हर्ट्झच्या एक-तृतीयांश सप्तक पट्टीत (वारंवारता दुप्पट होते तेवढ्या टप्प्याच्या तिसऱ्या भागात) वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, म्हणजे आरएमएस व्होल्टेज, ०.१ मिलिव्होल्ट मिळाले. ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे उणे ८० डेसिबल. उणे ८० मधून उणे १७० वजा केले की ९० डेसिबल, ही पट्टीतील पातळी. प्रवर्धकाने काही वाढ दिली असेल तर तीही वजा करावी. १२५ हर्ट्झच्या या पट्टीची रुंदी सुमारे २९ हर्ट्झ असते, म्हणून १ हर्ट्झमागची पातळी काढायला आणखी १४.६ वजा होतात आणि उत्तर ७५ च्या आसपास येते. जहाजांच्या आवाजासाठी युरोपात ६३ आणि १२५ हर्ट्झच्या पट्ट्या प्रमाण मानतात; आपणही त्याच घेतल्या तर तुलना सोपी जाते. त्यांच्या जोडीला १ किलोहर्ट्झ वाऱ्यासाठी आणि ५ व १० किलोहर्ट्झ कोळंबीसाठी घ्याव्यात.

सरासरीपेक्षा मध्यक महत्त्वाचा धरावा. दहा मिनिटांचे एक-एक सेकंदाचे तुकडे करून प्रत्येकाची पातळी काढावी आणि मधोमधची निवडावी. एखादी स्कूटर होडी जवळून गेली तर सरासरी तिच्या अधीन होते, मध्यक होत नाही.

आलेख वाचणे

आता दोन खोल्यांचा हिशेब खऱ्या अर्थाने सुरू होतो. प्रथम ६३ आणि १२५ हर्ट्झ पाहावे. पाण्याचा पृष्ठभाग ध्वनीला आरशासारखा परतवतो, पण उलटा करून. त्यामुळे पृष्ठभागालगत सरळ आलेला आणि परतलेला आवाज एकमेकांना खोडतात. ६३ हर्ट्झची तरंगलांबी सुमारे २४ मीटर असते, आणि तिच्या पाव भागाहून, म्हणजे सहा मीटरहून, बरेच वर असलेल्या हायड्रोफोनला तो आवाज दबलेला ऐकू येतो. या पट्ट्यात यंत्राची खोली दुप्पट केली की आकडा सुमारे ६ डेसिबलने चढतो. दोन मीटरवरून चार मीटरवर जाताना १२५ किंवा ६३ हर्ट्झला अशी चढ दिसली तर खोल पाणी "अधिक गोंगाटाचे" आहे असे म्हणू नये; आपण आरशाच्या सावलीतून बाहेर आलो एवढेच झाले आहे.

त्याच पट्ट्यांत पाण्याची खोली आणखी मोठा खेळ करते. उथळ पाणी हे ध्वनीसाठी एक अरुंद नळी आहे, आणि ठरावीक वारंवारतेखालचा आवाज त्या नळीतून दूर जाऊ शकत नाही, तळात झिरपतो. वाळूच्या तळावर १२ मीटर पाण्यात ही मर्यादा सुमारे ९० हर्ट्झ येते, तर ५० मीटर पाण्यात सुमारे २० हर्ट्झ. चिखलात ध्वनीचा वेग पाण्याइतकाच किंवा थोडा कमी असल्याने आवाज तळाशी परततच नाही आणि गळती अधिक होते. म्हणून क्षितिजावरच्या जहाजाचा ६३ हर्ट्झचा घरघराट किनाऱ्याजवळच्या चिखलावर क्वचितच पोहोचतो आणि बाहेरच्या पाण्यात सतत असतो. यंत्र दोन्हीकडे दहा मीटरवरच होते. बदलले ते पाण्याची खोली आणि तळ.

१ किलोहर्ट्झला मात्र बहुतेकांची निराशा होते, कारण तिथे यंत्राच्या खोलीने जवळजवळ काहीच बदलत नाही. हे मला या विषयातले सर्वांत सुंदर सत्य वाटते. पूर्ण छत भरून दिवे लावलेला मोठा मंडप घ्या. छतापासून दूर जाल तसा प्रत्येक दिवा मंद होतो, पण नजरेच्या टप्प्यात येणारे दिवे त्याच प्रमाणात वाढतात आणि प्रकाश तेवढाच राहतो. वाऱ्याने फुटणाऱ्या लाटांनी भरलेला पृष्ठभाग म्हणजे आवाजाचे असेच छत आहे. पाण्यातील शोषण नगण्य असेपर्यंत वाऱ्याचा आवाज १० मीटरवर आणि हजार मीटरवर सारखाच राहू शकतो.

५ आणि १० किलोहर्ट्झला उथळ गोव्यात छतापेक्षा जमीन अधिक बोलते. खडकाळ तळाकडे जाताना आकडा चढतो आणि चिखलावर तो तसा चढत नाही, म्हणून आमच्या मुलांचे पहिले वाक्य खोलीबद्दल नव्हतेच, ते तळाबद्दल होते.

समुद्रबूड जमिनीच्या पलीकडे

किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर तळ खंडान्त उताराने खाली जातो, आणि तिथे होडीने जाण्याचे काम आपले नाही. पण आपल्या आकड्यांचा पुढचा भाग तिथे असल्याने तो समजून घ्यावा. वरचे २९ अंशांचे पाणी ध्वनीला सेकंदाला सुमारे १,५४३ मीटर वेग देते. खाली पाणी गार होत जाते तसा वेग उतरतो आणि दीड ते दोन किलोमीटरच्या दरम्यान तो सर्वांत कमी, १,४९६ च्या आसपास होतो. त्याखाली तापमान फारसे बदलत नाही, पण दाबामुळे वेग दर १०० मीटरमागे सुमारे १.६ मीटरने पुन्हा चढतो. कमी वेगाचा हा मधला थर ध्वनीचा राजमार्ग आहे; खंडान्त उतारावरून घसरत आलेला जहाजांचा आवाज त्यात शिरला की हजारो किलोमीटर जातो. ईशान्य पॅसिफिकमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यापासून २००३-०४ पर्यंत ३० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात १० ते १२ डेसिबल वाढ मोजली गेली, तिचे मुख्य कारण जहाजांची वाढलेली वाहतूक आणि त्यांचा आकार हे मानले जाते.

पृष्ठभागावरच्या वेगाइतका वेग खाली ज्या खोलीवर पुन्हा मिळतो, तिला निर्णायक खोली म्हणता येईल. तिच्याखाली दूरच्या जहाजांचा आडवा आवाज वाकून पोहोचत नाही आणि खालच्या वारंवारतांचा गोंगाट लक्षणीय उतरतो. पण अरबी समुद्राचे गणित करून पाहा: ३,५०० मीटरवर, १.८ अंश तापमानाला, वेग १,५१३ च्या आसपासच भरतो. १,५४३ गाठायला ५,००० मीटरहून अधिक खोल जावे लागेल, आणि आपल्यासमोरचा तळ त्याच्या बराच आधी लागतो. थंड पाण्याच्या पॅसिफिकमध्ये खोल तळाशी जी शांतता मिळते, ती आपल्या कोमट समुद्रात त्या वाटेने मिळत नाही.

अतिखोल जागाही मुकी नसते. २०१५ साली अमेरिकी संशोधकांनी पश्चिम पॅसिफिकमधल्या चॅलेंजर डीप या समुद्राच्या सर्वांत खोल जागी, जवळजवळ अकरा किलोमीटर खाली, टायटॅनियमच्या कवचातला हायड्रोफोन ठेवला, तेव्हा २३ दिवसांच्या नोंदीत भूकंप, देवमासे, वर चाललेले वादळ आणि जहाजांचे पंखे हे सगळे सापडले. डोक्यावरून जाणाऱ्या जहाजाचा आवाज सरळ खाली येतो. त्याला वाकण्याची गरज नसते. उच्च वारंवारतांना मात्र खोली खरोखर गाळते: १० किलोहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे १ डेसिबल शोषले जाते, तर १०० किलोहर्ट्झला ३० ते ४०, आणि त्यात मोठा वाटा समुद्रात विरघळलेल्या मॅग्नेशियम सल्फेटचा असतो.

एक मोजणी जी गोव्यातच करावी

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मच्छीमारीवरची बंदी आपल्याला एक तयार प्रयोग देते, पण बंदीचे आणि जानेवारीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये, कारण मध्ये मान्सूनचा वारा, पाऊस आणि नदीचे गोडे पाणी आलेले असते. त्याऐवजी बंदी उठण्याआधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस घ्यावेत. समुद्र तेव्हा खवळलेला असतो, म्हणून होडी नेऊ नये. परवानगी घेऊन नदीमुखाच्या आतल्या बाजूला, वर्दळीपासून दूर, तळावर स्वयंचलित मुद्रक आधीच बसवून ठेवावा आणि तो तळापासून एक मीटर वर, दोरीशिवाय, वजनदार तिवईवर असावा. दर तासाला पाच मिनिटांची नोंद पुरते. मग १ किलोहर्ट्झच्या आकड्यावरून सारख्या वाऱ्याचे तास निवडावेत, १५ किलोहर्ट्झवरून पावसाचे तास वगळावेत, आणि उरलेल्या तासांतले १२५ हर्ट्झ व त्याच्या वरचे काहीशे हर्ट्झ एवढेच ३१ जुलैच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन रांगांत मांडावेत, प्रत्येक ओळीच्या डोक्यावर यंत्राची खोली, पाण्याची खोली आणि त्या तासाची भरती लिहून.